थंडीच्या रात्री बाळाची झोप : ऊब हवी, ओझे नको

डिसेंबर उजाडला की आमच्या नाशिक जिल्ह्यात रात्रीचे दिवे दोन ठिकाणी जळत राहतात. एक द्राक्षाच्या बागेत आणि दुसरे बाळंतिणीच्या खोलीत. निफाड परिसरात पारा काही वर्षी पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. घडांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, आणि त्याच वेळी घरात त्याची आई नातवंडाच्या अंगावर आणखी एक गोधडी ओढते. दोघांच्याही मनात माया तीच असते. मात्र द्राक्षाच्या घडाला जे मानवते ते तान्ह्या बाळाला मानवतेच असे नाही. आजचा हा लेख प्रामुख्याने आपल्यासाठी, म्हणजे घरातील आजी-आजोबांसाठी आहे. कारण बाळाला कसे गुंडाळायचे, कुठे निजवायचे, शेक किती द्यायचा, हे आपल्या बहुतेक घरांत आजही आपणच ठरवता.

काही हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडण्याआधीच एक आजी बावीस दिवसांच्या नातवाला घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. रात्री थंडी फार होती म्हणून त्यांनी बाळाच्या पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती. पिशवी आधी स्वतःच्या तळहाताने पारखून पाहिली होती, फडक्यातही गुंडाळली होती. तरीही बाळाच्या पोटरीवर भाजल्याचा मोठा फोड आला होता. आजी पुनःपुन्हा एकच सांगत होत्या, ‘‘डॉक्टर, मला तर ती कोमटच लागली हो!’’ त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह होता. तळपायांची आणि बोटांची संवेदना मंदावली होती, हे त्यांच्या केसपेपरावर मीच लिहून ठेवले होते. घरात बाळ येणार आहे हे मला ठाऊक होते. पण त्या हातांनी बाळाचे पाणी आणि शेक पारखू नये, एवढे एक वाक्य त्यांना सांगायचे मला सुचले नव्हते. बाळाची जखम महिन्याभरात भरून आली. आजींनी मात्र त्यानंतर कित्येक दिवस नातवाला मांडीवर घेतले नाही. ते मला अधिक लागले. म्हणून जे त्यांना सांगायचे राहिले, ते आज आपल्याला सविस्तर सांगतो.

बाळाला थंडी लवकर का बाधते?

वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा विस्तार मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असतो. जेवढी त्वचा अधिक उघडी तेवढी ऊब अधिक वाया जाते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्वचेखालची चरबी पातळ असते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी निर्माण केलेली ऊबच. नवजात बाळाला असे कुडकुडता येत नाही. त्याच्याजवळ निसर्गाने दिलेली तपकिरी चरबीची एक छोटी शिदोरी असते, खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास. ती जाळून ते ऊब निर्माण करते. या कामी प्राणवायू आणि साखर दोन्ही खर्ची पडतात. कमी दिवसांच्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाकडे ही शिदोरी अगदीच तुटपुंजी असते. म्हणून अशा बाळाची काळजी दुपटीने घ्यावी लागते.

यातून एक गोष्ट सहज लक्षात येईल : बाळाला ऊब देणारी पहिली वस्तू लोकर नसून दूध आहे. थंडीत बाळ जास्त वेळ झोपते म्हणून त्याला उठवू नये, असे आपल्याकडे मानतात. पहिल्या महिन्यात, विशेषतः बाळ वजनाने कमी असल्यास, दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजलेच पाहिजे. रात्रीही. उपाशी बाळ कितीही गुंडाळले तरी गार पडते.

आपली थंडी निराळी, बाळाची निराळी

वयोमानाप्रमाणे आपल्या शरीरातील ऊब निर्माण करण्याची क्षमता मंदावते, स्नायू उतरतात, त्वचा पातळ होते. काहींना थायरॉइडचा विकार असतो, काहींना रक्त कमी असते. त्यामुळे ज्या खोलीत तरुण सून एका शालीत सुखाने बसते, त्याच खोलीत आपल्याला स्वेटर, कानटोपी आणि मोजे लागतात. यात गैर काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण स्वतःच्या थंडीच्या मापाने बाळाचे कपडे मोजतो.

एक साधा नियम ध्यानात ठेवावा. घरातील निरोगी तरुण माणसाला त्या खोलीत जेवढे कपडे पुरतात, त्यापेक्षा बाळाला एक थर अधिक. आईला सुती कपडा आणि शाल पुरत असेल, तर बाळाला आत सुती झबले, त्यावर पूर्ण बाह्यांचा उबदार अंगरखा, पायमोजे आणि वरून एक पातळ पांघरूण पुरे. सात थरांची आवश्यकता नसते. अनेक पातळ थरांचा एक फायदाही आहे. उकडले तर एक काढता येतो, गारठले तर एक चढवता येतो. एका जाड गोधडीला ही सोय नाही.

बाळ गार पडणे वाईट, हे आपण सारेच जाणतो. बाळ तापणे तितकेच वाईट, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. दर हिवाळ्यात दोन-तीन बाळे माझ्याकडे ‘ताप’ म्हणून येतात. तपासावे तर अंगावर स्वेटर, कुंची, दोन दुपटी आणि वर रग. आधी मी बाळ नीट तपासतो, ते नीट पीत आहे ना, टवटवीत आहे ना, हे पाहतो. मग दोन थर उतरवून अर्ध्या तासाने पुन्हा ताप मोजतो. पुष्कळदा पारा खाली आलेला असतो. पण हा निर्णय घरी घेऊ नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर ते गुंडाळल्यामुळे असेल असे मानून घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हाताच्या पाठीची परीक्षा

बाळाचे तळहात आणि तळपाय पुष्कळदा गार लागतात. तेवढ्यावरून बाळाला थंडी वाजते असा निष्कर्ष काढू नये. आपल्या हाताच्या पाठीने आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळव्यांना स्पर्श करावा. पोट आणि तळवे दोन्ही कोमट असतील, तर बाळ ठीक आहे. पोट कोमट पण तळवे गार असतील, तर बाळाला थंडी जाणवू लागली आहे. एक थर वाढवावा, आईच्या उराशी द्यावे, पाजावे. पोटही गार असेल, तर बाळ धोक्यात आहे. मान आणि पाठ घामेजलेली, चेहरा लालबुंद, श्वास जलद असेल, तर बाळाला उकडते आहे.

काखेतील तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, हे बाळाचे योग्य तापमान होय. डिजिटल तापमापक आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो. तो घरात असू द्यावा. आपल्याला मधुमेह असेल, बोटे बधिर असतील, तर ही परीक्षा आणि आंघोळीच्या पाण्याची पारख घरातील दुसऱ्या कुणाला करू द्यावी. पाणी पारखायचे ते कोपराने. वर्षानुवर्षे चुलीशी आणि तव्याशी वावरलेल्या तळहाताने नव्हे. घंगाळात आधी गार पाणी ओतावे, मग गरम.

रात्रीचे अंथरूण

आता झोपेकडे वळू. एक वर्षाच्या आतील बाळाला प्रत्येक वेळी, दिवसा असो वा रात्री, उताणे निजवावे. पूर्वी आम्हा डॉक्टरांपैकीही अनेक जण पालथे निजवायला सांगत. पुढे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथे निजणाऱ्यांचे प्रमाण बरेच अधिक असते. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर निजवा’ अशी मोहीम निघाली आणि पुढील काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. या मृत्यूंचा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असतो. अति गुंडाळणे, तोंडावर पांघरूण येणे आणि घरातील विडी-सिगारेटचा धूर हे तो वाढवतात. उताणे निजवल्यास उलटी घशात जाईल, ही भीती निरोगी बाळाच्या बाबतीत अनाठायी आहे. डोके मागून चपटे होईल अशी चिंता वाटत असेल, तर बाळ जागे असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथे खेळवावे. मानही बळकट होते.

गादी सपाट आणि घट्ट असावी. दाबली असता खोल जाणारी मऊ गादी किंवा कापसाचा गुबगुबीत बिछाना नको. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. एक वर्षापर्यंत कोणतीही उशी देऊ नये. ना मोहरीची, ना कापसाची. तक्के, लोड, मऊ खेळणी आणि मच्छरदाणीच्या आत सारलेले कपडे झोपेच्या वेळी बाजूला करावेत.

पांघरूण घालायचे ते छातीपर्यंत, हात बाहेर ठेवून. बाळाचे पाय पाळण्याच्या किंवा अंथरुणाच्या पायथ्याला टेकतील असे त्याला खाली सरकवून निजवावे आणि पांघरुणाच्या कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. मग बाळाने कितीही पाय मारले तरी पांघरूण तोंडावर येत नाही. याहून सोपा उपाय म्हणजे हात-मान मोकळी ठेवणारी, अंगात घालायची झोपेची पिशवी. घरी जुन्या मऊ शालीचीही ती शिवता येते. मान बेताची असावी, आत डोके सरकू नये, एवढे पाहावे.

टोपड्याविषयी नेहमी विचारले जाते. पहिल्या काही दिवसांत, कमी वजनाच्या बाळाला आणि थंडगार खोलीत डोक्याला घट्ट बसणारे, बंद नसलेले टोपडे अवश्य घालावे. मोठ्या, निरोगी बाळाचे टोपडे खोली उबदार असल्यास झोपताना काढावे. ते सरकून नाकावर येऊ शकते, शिवाय बाळ अधिकची ऊब डोक्यावाटेच बाहेर टाकते. कुंची बाहेर नेताना घालावी, निजवताना सोडावी. गळ्यातील काळा दोरा, ताईत, टोपड्याचे लांब बंद रात्री नकोत. दुपट्यात बांधताना छाती आणि कंबरेपाशी सैल बांधावे, पाय दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून बांधल्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळ कुशीवर वळू लागले की बांधणे थांबवावे.

साडीची झोळी आपल्या घराघरांत असते. जागते माणूस समोर असताना बाळाला तीत थोडा वेळ जोजवण्यास हरकत नाही. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. म्हणून रात्रभरासाठी सपाट पाळणा किंवा अंथरूणच बरे.

बाळाने आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर झोपणे सर्वांत सुरक्षित. आपल्याकडे अनेक घरांत खोली एक आणि अंथरूणही एकच असते, हे मी जाणतो. तेथे निदान एवढे पाळावे : बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको, आईच्या बाजूला असावे, आईची गोधडी बाळावर येऊ नये, ज्याने मद्य घेतले आहे, जो विडी-सिगारेट ओढतो, त्याने बाळाशेजारी झोपू नये. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला वेगळे अंथरूण द्यावेच. आणि आजी-आजोबांनो, एक गोष्ट विशेष आपल्यासाठी. आपण झोपेची गोळी किंवा सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध घेत असाल, तर त्या रात्री बाळाला कुशीत घेऊन निजू नये. आरामखुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी लागणे तर त्याहूनही धोक्याचे आहे. डोळे जड झाले की बाळाला त्याच्या अंथरुणावर ठेवावे.

शेगडी, धुरी आणि इतर उपाय

माझी मुलगी जन्मली त्या थंडीत माझ्या आईने बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती. दार लावलेले, खिडकीच्या फटीत चिंध्या. मी एम.बी.बी.एस. होऊन चार वर्षे झाली होती, तरी आईपुढे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. पहाटे पत्नीचे डोके विलक्षण दुखू लागले, तिला मळमळू लागले आणि मुलगी पाजायला उठेना. तेव्हा मी दार-खिडक्या सताड उघडल्या आणि दोघींना ओसरीवर आणले. तासाभराने दोघी सावरल्या. तो प्रसंग मी आजवर फारसा कुणाला सांगितलेला नाही.

धूर दिसत नाही म्हणून निखारे आपल्याला निर्धोक वाटतात. वास्तविक बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि झोपलेले माणूस जागे न होताच दगावू शकते. म्हणून शेगडी, घमेल्यातील निखारे, गॅसची शेगडी यांपैकी काहीही झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. ओवा-शेपांची धुरी बाळाच्या नाजूक श्वासनलिकांना त्रासदायक ठरते, तीही टाळावी. विजेचा हीटर वापरायचा तर झोपण्यापूर्वी खोली उबवून घ्यावी, त्याचा झोत बाळावर नसावा, कपडे आणि पांघरुणे त्यापासून दूर असावीत आणि झोपताना तो बंद करावा. गरम पाण्याची पिशवी अंथरूण उबवण्यापुरती वापरावी. बाळाला ठेवण्यापूर्वी ती काढून घ्यावी. विजेवर तापणारी चादर बाळासाठी कधीही नको.

अंगात ऊब यावी म्हणून ब्रँडीचा थेंब चाटवणे किंवा छातीला चोळणे, कापराचे तेल वा बाम लावणे, मध चाटवणे, हे सारे उपाय चांगल्या हेतूने होतात आणि घातक ठरतात. मद्याने बाळाच्या रक्तातील साखर घसरू शकते, कापराने झटके येऊ शकतात, आणि एक वर्षाच्या आत दिलेल्या मधातून क्वचित एका गंभीर विषबाधेचा धोका असतो. खोबरेल तेलाने हलक्या हाताने, बंद खोलीत केलेली मालीश मात्र चालेल. तेल नाका-कानात घालू नये. जन्मानंतर पहिले चोवीस तास आंघोळ घालू नये. थंडीत कमी वजनाच्या बाळाला आंघोळीऐवजी अंग पुसून काढणे बरे, तेही दुपारच्या उन्हाच्या वेळी, एकेक भाग उघडून, लगेच कोरडा करून. ओले लंगोट ताबडतोब बदलावे. ओलावा ऊब जितक्या वेगाने नेतो, तितका वाराही नेत नाही.

उराची ऊब

थंडीवरचा सर्वांत उत्तम उपाय विकत आणावा लागत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉक्टर एडगर रे यांनी लहानग्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. तीच आजची ‘कांगारू मातृसेवा’. २०२१ साली भारतासह पाच देशांतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेचच ही ऊब दिल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे पाव भागाने कमी झाले.

बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे. मान एका बाजूला वळलेली, हनुवटी किंचित वर, नाक-तोंड मोकळे. वरून मऊ ओढणीने बांधून शाल पांघरावी. आई थकली असेल, तर बाबा हे करू शकतात, मावशी करू शकते आणि निरोगी आजी-आजोबाही करू शकतात. अट एवढीच की आपण जागे आणि थोडे रेलून बसलेले असावे, अंगावर खाज-पुरळ आणि सर्दी-खोकला नसावा. सुरुवात डॉक्टर किंवा परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

आपल्या महाराष्ट्राला या विषयात अभिमान वाटावा असे काम गडचिरोलीत झाले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरच्या घरी नवजात बाळांची सेवा दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बाळाला ऊब देणे हा त्या सेवेचा एक महत्त्वाचा भाग होता. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर बाळाच्या घरी येतात. रुग्णालयात बाळंतपण झाले असल्यास बेचाळीस दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. त्या आल्या की बाळाचे वजन आणि तापमान त्यांच्याकडून पाहून घ्यावे. ‘आम्ही चार मुले वाढवली’ असे म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये.

केव्हा थांबू नये?

बाळ पिईनासे झाले, हाक मारून, तळव्याला टिचकी मारूनही जागे होईना, रडणे क्षीण झाले, पोट गार लागू लागले किंवा तापमान ९५.९ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, १००.४ किंवा त्याहून ताप चढला, शांत असताना श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक होऊ लागले, छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर झाले, झटके आले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहन येईपर्यंत आणि वाटेतही बाळाला आईच्या उघड्या उराशी, शालीखाली ठेवावे. पीत असेल तर पाजावे. गार पडलेले बाळ गुंडाळून निव्वळ मांडीवर घेऊन नेले, तर ते वाटेत अधिक गार होते.

यंदाच्या दिवाळीनंतर मीही आजोबा झालो. तीच मुलगी आता आई झाली आहे. माझी आई आज ८३ वर्षांची आहे. परवा रात्री ती पणतीजवळ बसून म्हणाली, ‘‘अरे, पोरीला एवढंच पांघरूण?’’ या वेळी मी गप्प बसलो नाही. तिचा हात धरून, हाताची पाठ बाळाच्या पोटावर टेकवली. ‘‘कोमट आहे,’’ ती म्हणाली. मग तळव्यांना लावली. ‘‘हेही कोमट आहेत.’’ हातात घेतलेली गोधडी तिने स्वतःच्या पायांवर ओढली आणि भिंतीला टेकून पाळण्याची दोरी ओढत बसली.

आज रात्री आपणही बाळाला निजवण्यापूर्वी हीच परीक्षा करून पाहावी.